तोतयांचे दोन सामने

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत खुनाचे तपास केले, दरोड्यांचे केले. त्यातले बरेच आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा एक मात्र वेगळाच राहिला. त्यात रक्त नव्हते, हत्यार नव्हते. जप्त केलेला मुद्देमाल म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली चौदा ओळखपत्रे. संबंधित लोक आपापल्या गावी आहेत, म्हणून कोणाचेही नाव लिहीत नाही.

तेव्हा मी वाशिम जिल्ह्यात मालेगावला ठाणेदार होतो. मुलीच्या शिक्षणासाठी बायको आणि मुलगी अमरावतीला, आणि मी पोलीस क्वार्टरमध्ये एकटा. सकाळी हजेरी, मग तक्रारदार, वाशिम रस्त्यावरचा एखादा अपघात, दुपारी खानावळीचा डबा. दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन घरात आले होते, तूर शेतात उभी होती. अशा दिवसांत ठाण्याला थोडी उसंत असते.

एका सकाळी टपालात एक पाकीट आले. पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. आत अर्धा कागद होता. ‘येथील फुटबॉल क्लबच्या शेवटच्या दोन सामन्यांत जे अकरा जण मैदानात उतरले, ते क्लबचे नोंदणीकृत खेळाडू नव्हते. दुसऱ्यांच्या नावाने दुसरेच खेळले. मूळ खेळाडूंना याची कल्पना नाही व त्यांचा दोष नाही. प्रशिक्षकास विचारावे.’

निनावी पत्रे ठाण्याला नवी नसतात. त्यांत बहुधा शेजाऱ्याचा राग असतो, भावकी असते, नाहीतर एखाद्या बाईची बदनामी. हे पत्र वाचताना जाणवले की यात राग कुठेच नाही. शिवाय ज्यांचा दोष नाही त्यांच्यासाठी एक अख्खे वाक्य खर्च केले आहे. मी आवक नोंद घ्यायला सांगितली आणि चौकशी आमच्या जुन्या हवालदाराकडे दिली. तो मेडशीचा, तालुक्यातला माणूस न माणूस ओळखणारा.

आता या क्लबविषयी सांगायला हवे. मालेगावात फुटबॉल क्लब कुठून आला, हा प्रश्न मलाही पडला होता. रस्त्यांच्या कामात पैसा केलेल्या एका कंत्राटदाराला निवडणुकीचे तिकीट हवे होते. त्याच सुमारास एक खासगी फुटबॉल लीग सुरू झाली होती आणि तिला लहान शहरांतले क्लब हवे होते. कंत्राटदाराने प्रवेश घेतला, कोल्हापूरहून साठीला आलेला एक प्रशिक्षक आणला, ठिकठिकाणचे चौदा खेळाडू आणले, मैदानाजवळ एक घर भाड्याने घेतले. पहिल्या सामन्याला ढोल-ताशे वाजले. मग तिकीट दुसऱ्याला गेले आणि कंत्राटदाराचा फोन बंद लागू लागला. पगार थांबले, मग किराणा थांबला.

हे एकाच क्लबचे दुखणे नव्हते. त्याच हंगामात आणखी दोन क्लब हंगाम अर्धवट टाकून बंद पडले होते. क्लब असे मध्येच पळू नयेत म्हणून लीगने नियम कडक केला. क्लबने एक जरी सामना सोडला, तर क्लब बाद आणि त्याच्याकडे नोंदलेल्या खेळाडूंना वर्षभर दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळायला बंदी. हंगाम पूर्ण केला, तर खेळाडू मोकळे. पळणार होते मालक आणि बांधले गेले खेळाडू. एवढी साधी गोष्ट तो नियम लिहिणाऱ्यांच्या लक्षात आली नसेल, असे मला वाटत नाही.

हवालदाराने दोन दिवसांत एका एसटी कंडक्टरला ठाण्यात आणले. चाळिशीचा, पोट सुटलेला, घाबरलेला.

“साहेब, मले कायले बोलावलं? म्या कोनाचं काई घेतलं नाई.”

“फुटबॉल खेळला होतास ना?”

त्याने मान खाली घातली. “खेळलो कुठी साहेब? उभा होतो गोलात. फुटबॉलचे मास्तर माह्या गाडीत नेहमी बसे. म्हने, दोन घंटे उभा राह्य, मानूस कमी पडून राह्यला. म्या म्हनलं, मले येत नाई. तं म्हने, येऊ नको देऊ, फक्त उभा राह्य.”

“किती गोल झाले?”

“पयल्या मॅचीत सात. दुसऱ्या मॅचीत अकरा. म्या मोजले ना साहेब, दुसरं कामच काय होतं मले?”

हवालदार तोंड फिरवून हसला. हसू मलाही आले. कंडक्टर मात्र हसला नाही. म्हणाला, “लोकं हसून राह्यले होते, आन् मास्तर लाइनीपाशी उभे राहून रडून राह्यले होते. मले वाटलं, हारलो म्हनून.”

त्याच्याकडून बाकीचे दहा जण कळले. मेडशीचे तीन शेतकरी, बियाण्याच्या दुकानातला विक्रेता, शाळेचा कारकून, असे सगळे. एकालाही पैसा मिळाला नव्हता. सामन्यानंतर मास्तरने प्रत्येकाला चहा पाजला होता. सामना निरीक्षकाने ओळखपत्रे पाहिल्यासारखे केले होते, इतकेच.

प्रशिक्षकाला नोटीस द्यायला मी स्वतः गेलो. मैदानालगतचे ते तीन खोल्यांचे घर. दार उघडेच होते. आत चौदा लोखंडी पलंग आणि प्रत्येकावर घडी घातलेले ब्लँकेट. पंधरावा पलंग खिडकीजवळ, त्यावर तो बसला होता. मला पाहून उठला. नोटीस वाचलीही नाही, सही केली.

“किती वाजता यायचं साहेब?”

“उद्या अकराला.”

दुसऱ्या दिवशी तो दहालाच बाकावर येऊन बसला. मी चौकशी सुरू केली. लोक दुसऱ्यांच्या नावाने खेळवले का, तर हो. संघपत्रक कोणी भरले, तर मीच. कंत्राटदाराने सांगितले का, तर त्याचा फोन लागत नाही. मग का केले, यावर मात्र गप्प. तीन दिवस असे गेले. गुन्ह्याची कबुली द्यायची आणि कारण सांगायचे नाही, असा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. साधारण उलटे असते.

हवालदार म्हणाला, “साहेब, हा मानूस खोटं बोलून नाई राह्यला. पन सारं सांगून बी नाई राह्यला.”

मला दुसरेच काही दिसत होते. ठाण्यात आलेला माणूस कधी सुटतो याची वाट पाहतो. हा निघायचे टाळत होता. ‘आज एवढेच’ म्हटले तरी बाकावर बसून राहायचा. पहारेकऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा. एकदा जुन्या फायलींचे गठ्ठे बांधायला त्याने आपणहून हात लावला. त्या रिकाम्या पलंगांत परत जायचे त्याच्या जिवावर येत होते. मला ते ओळखता आले, कारण संध्याकाळी क्वार्टरचे कुलूप काढायला मीही उगाच उशीर करत असे.

चौथ्या दिवशी लीगकडून दोन्ही सामन्यांची संघपत्रके आली. मी ती उघडली आणि का कोण जाणे, ते निनावी पत्र फायलीतून काढून शेजारी ठेवले. दोन्हीकडे ‘ळ’ अक्षराची दुसरी गाठ न मिटता उघडीच राहिली होती. दोन्हीकडे शिरोरेषा शब्द संपल्यावर जराशी पुढे गेली होती. मग पत्रातले ते वाक्य पुन्हा वाचले. मूळ खेळाडूंना याची कल्पना नाही. हे छातीठोकपणे सांगू शकणारा माणूस एकच होता.

मी त्याला आत बोलावले, शिपायाला दार लोटून घ्यायला सांगितले आणि दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले.

“मास्तर, हे पत्र तुमचंच आहे.”

त्याने पत्राची घडी बोटाने सरळ केली. मग म्हणाला, “व्हय साहेब.”

“स्वतःविरुद्ध?”

“दुसरं कुणाविरुद्ध लिहू? केलं मीच की.”

मग तो सलग बोलला. कारण सांगितले तर पोरांनाही यात ओढतील, या भीतीने तो तीन दिवस थांबला होता. किराणा संपला तेव्हा त्यानेच पोरांना घरी जायला सांगितले. दोन सामने उरले होते. त्यातला एक जरी सोडला असता तर चौदा जणांचे वर्ष गेले असते.

“फुटबॉलमधलं वर्ष म्हंजे काय, तुमास्नी कसं सांगू? बाविसाव्या वर्षी एक वर्ष घरी बसला की पोरगा संपला. आमच्या पेठेत असली लई बघितलीत मी. म्हणून ही माणसं उभी केली. हंगाम पुरा झाला, पोरं मोकळी झाली. मला वाटलं, निभावलं.”

“मग पत्र का लिहिलं?”

त्याने चष्मा काढून पुसला. “माझा गोलकीपर नागपूरचा. त्याला गोव्याच्या एका क्लबनं चाचणीला बोलावलं हुतं. मग त्यांनी लीगच्या साइटवर त्याची नोंद बघितली. शेवटच्या सामन्यात अकरा गोल. आदल्यात सात. त्यांनी येऊ नको म्हणून कळवलं. त्यानं मला फोन केला. म्हणाला, सर, त्या दिवशी मी वडलांबरोबर दवाखान्यात होतो. माझ्या नावानं गोलात कोण उभं होतं? मी फोन ठेवून दिला. काय बोलणार?”

त्याने आधी लीगला पत्र पाठवले होते, सही करून. तिकडून एका पदाधिकाऱ्याचा फोन आला. हंगाम संपला आहे, दोन क्लब आधीच बुडाले आहेत, आता हे बाहेर आले तर प्रायोजक राहणार नाहीत, तुम्ही गप्प बसा. मग त्याने पोलिसांना लिहिले.

“सही का नाही केली?”

“तुम्ही बोलावून समजूत घातली असती, अर्ज मागं घ्यायला लावला असता. आणि खरं सांगू का साहेब, स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहायचा धीर झाला न्हाई.”

दोन दिवसांनी लीगचा एक माणूस पुण्याहून गाडी घेऊन आला. चहा घेतला, वाशिम जिल्ह्याच्या रस्त्यांचे कौतुक केले आणि म्हणाला, हा आमच्या घरातला विषय आहे, आमची समिती बघून घेईल. मी म्हणालो, “तोतयेगिरी करून फसवणूक हा दखलपात्र गुन्हा आहे. तुमच्या समितीला तपास करता येतो का, ते मला माहीत नाही. मला करावाच लागतो.” तुमच्याकडे आलेले प्रशिक्षकाचे पत्रही हजर करा, असे लेखी दिले तेव्हा त्याचा चहा अर्धा राहिला.

गुन्हा नोंदवण्याआधी मी मास्तरांना स्पष्ट सांगितले, “आरोपी तुम्हीच व्हाल. यातून तुमची सुटका नाही.”

“नोंदवा साहेब. कागद झाला की त्यास्नी उत्तर द्यावं लागंल.”

सरकारतर्फे फिर्याद देऊन गुन्हा दाखल केला. कंडक्टर आणि इतर दहा जणांना साक्षीदार केले. कंत्राटदाराचा जबाब घेतला. त्याने क्लबचा आपल्याशी काही संबंध उरला नसल्याचे शांतपणे लिहून दिले. कायद्यात त्याला अडकवायला जागा सापडली नाही, याची चुटपुट मला आजही आहे. जबाबात मी प्रशिक्षकाचे कारण एकही शब्द न गाळता घेतले, कारण तो कागद लीगच्या समितीपुढे जाणार हे मला माहीत होते.

कागद समितीपुढे गेला. लीगला तातडीची सभा घ्यावी लागली. दोन्ही सामन्यांची नोंद रद्द झाली, खेळाडूंच्या नावावरचे गोल पुसले गेले. क्लब बाद झाला, पण मालकाच्या चुकीसाठी खेळाडूंना बांधून ठेवणार नाही, असे ठरून चौदा जणांना मोकळे असल्याची पत्रे मिळाली. बुडालेल्या इतर दोन क्लबांच्या खेळाडूंनाही ती मिळाली. प्रशिक्षकावर आजन्म बंदी आली. चाळीस वर्षे मैदानावर काढलेल्या माणसाला एका ओळीत मैदान बंद झाले. ते पत्र त्याने मला दाखवले आणि म्हणाला, “झालं की सगळं नीट.”

खटला लांबला नाही. त्याने गुन्हा कबूल केला. वय आणि हेतू पाहून न्यायाधीशांनी दंड केला आणि न्यायालय उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा दिली. ही शिक्षा ऐकायला सौम्य वाटते. पण तो दिवसभर कोर्टाच्या मागच्या बाकावर बसला होता. इतरांची प्रकरणे निघत होती, नावे पुकारली जात होती, नातेवाईक येत-जात होते. त्याच्याजवळ कोणी नव्हते. तारीख मी त्या चौदा जणांपैकी ज्यांचे नंबर होते त्यांना कळवली होती. गोलकीपर तेव्हा गोव्याला पोचला होता. बाकीच्यांचेही हंगाम सुरू झाले होते. कोणालाच जमले नाही. दुपारनंतर माझे काम संपले, तेव्हा मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. गणवेशात होतो, त्यामुळे लोकांना वाटले असेल की पहारा आहे.

“साहेब, घरी जावा की,” तो म्हणाला.

“घरी कोणी नाही,” मी म्हणालो.

त्याने बाकावरची पिशवी मांडीवर घेऊन मला नीट बसायला जागा केली. कोर्ट उठले तसे आम्ही उठलो. त्याला मी वाशिमला रेल्वे स्टेशनवर सोडले. गाडीला वेळ होता. त्याने मला थांबू दिले नाही.

मी निवृत्त झाल्याला आता काही वर्षे झाली. मागच्या उन्हाळ्यात त्या गोलकीपरची बातमी वाचली. मोठ्या क्लबकडे गेला आहे. जुन्या ओळखीवर त्याचा नंबर मिळवून मी अभिनंदन केले. बोलता बोलता विचारले, सरांशी बोलणे होते का? तो म्हणाला, “करायचा राहूनच गेला साहेब फोन. पहिल्यांदा लाज वाटत होती, आपल्यामुळे त्यांना कोर्टात उभं राहावं लागलं म्हणून. मग वर्षं गेली. आता नंबरही लागत नाही. तुमच्याकडे आहे का?”

माझ्याकडेही नव्हता. मीही कधी फोन केला नव्हता.

गुन्ह्याचा तपास करताना पहिला प्रश्न विचारायचा असतो, यात फायदा कोणाचा. प्रशिक्षणात तेच शिकवले आणि मी आयुष्यभर तेच विचारले. त्या तपासात उत्तर बरोबर सापडले. फायदा चौदा जणांचा होता आणि ज्याने केले त्याचा काहीच नव्हता. फाईल तिथे बंद झाली. त्या चौदांपैकी पुढे कोणी त्याचे दार वाजवले का, हे शोधणे कोणाच्याच कामात बसत नाही. मला ते आपले काम वाटायला हवे होते, हे समजले तेव्हा माझ्या अंगावर गणवेश नव्हता आणि विचारायला पत्ताही उरला नव्हता.