आकाशातलं रिकामं घर

रंगीत नकाशा दिसला की अजूनही माझं डोकं फिरतं. मग तो कचेरीच्या भिंतीवर टांगलेला असो, नाहीतर बिल्डरच्या टेबलावर काचेखाली घातलेला असो. मी हिरव्या रंगावर बोट ठेवतो आणि विचारतो, "हे आत्ता कुठं आहे, दाखवा." समोरच्याला वाटतं, मी भाव पाडण्यासाठी चिडतोय. भाव पाडण्यासाठी मी चिडतोच, पण ते चिडणं वेगळं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या करावे गावात असाच एक नकाशा आला होता. तो आणणारा साहेब पांढऱ्या शर्टातला, गोड बोलणारा. त्यानं देवळाच्या ओट्यावर नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. निळं तळं, हिरवी बाग, दवाखाना, शाळा. "जमिनी द्या, हे सगळं तुमचंच होणार आहे," तो म्हणाला. गावातली मोठी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी तेव्हा विशीतला होतो, पण रेती-खडीच्या धंद्यात शिरलो होतो आणि मला कोणी फसवू शकत नाही असा गावात बोलबाला होता. मी साहेबाशी दरावरून असा भांडलो की त्यानं दोनदा पाणी मागितलं. मी जिंकलो असं मला वाटलं. काकीला मी स्वतः कचेरीत घेऊन गेलो आणि तिच्या वरच्या शेताच्या कागदावर तिचा अंगठा उठवला.

मी दरावर घासाघीस केली. नकाशावर केली नाही. ती बाग आजतागायत कुणी पाहिलेली नाही.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. माझी आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं तिनंच. काकाही पुढं गेला. वरचं शेत गेल्यावर तिच्याकडं खाडीच्या बांधालगतचं भाताचं एकच खाचर उरलं, अर्धं खारट. तेही सरकारदप्तरी गेलेलंच होतं, फक्त ताबा घ्यायला अजून कोणी आलं नव्हतं. ती मला एका शब्दानं कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून कुणी चित्र दाखवून काही सांगायला लागलं की मी म्हणायचो, "नकाशा आहे." माणूस चंद्रावर गेला, हासुद्धा माझ्या मते नकाशाच. गावातल्या हॉटेलात जुन्या मासिकातला फोटो भिंतीला चिकटवलेला होता, चंद्राच्या मातीवर उठलेला बुटाचा ठसा. मी चहा पिता पिता सगळ्यांना सांगायचो, "मी रेती विकतो, मला शिकवू नका. कोरड्या रेतीत ठसा उठतो का? कडा ढासळतात. तिथं पाणी नाही म्हणता, मग हा एवढा रेखीव ठसा आला कुठून? कुठल्यातरी डोंगरात ओल्या मातीत काढलाय फोटो." लोक माना डोलवायचे. धंद्यातलं बोलणं होतं, खोडणार कोण?

मग एकोणऐंशी सालचा जुलै आला आणि रेडिओवर स्कायलॅबचं सुरू झालं. अमेरिकेनं आकाशात सोडलेली ती अवाढव्य प्रयोगशाळा, तीन वेळा माणसं तिच्यात राहून परत आलेली, आता रिकामी होती आणि पृथ्वीवर पडणार होती. कुठं पडणार ते नक्की नव्हतं. गावात हाहाकार झाला. कोंबड्या कापल्या गेल्या. एकीनं मुलीच्या लग्नासाठी जपलेली साडी नेसून घेतली. एक कुटुंब पनवेलला नातेवाइकांकडं पळालं, जणू पनवेलवर आकाशच नव्हतं.

मी हॉटेलात टेबलावर हात आपटून म्हणालो, "वर कोणी गेलंच नाही, तर खाली पडणार काय?"

"मग रेडिओवर कशापायी सांगतान?" एका म्हाताऱ्या कोळ्यानं विचारलं.

याचा विचार मी केलेला नव्हता. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. तोंडाला आलं ते बोललो, "माणसं पळाली की गाव मोकळं. मोजणीवाले येतील, दारात खुंट्या ठोकतील आणि ताबा घेतला म्हणून लिहून नेतील. नकाशावाल्यांचीच चाल आहे ही. घराचा उंबरा सोडू नका."

ते मी तिथल्या तिथं रचलं होतं. पण नकाशा सगळ्यांनीच पाहिलेला होता, त्यामुळे ते लगेच खरं झालं. संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरून माझ्याच कानावर आलं, वर दोन गोष्टींची भर पडून.

बुधवारी सकाळी काकी माझ्या दारात उभी राहिली. डोक्यावर इरलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे.

आमच्याकडं भाताची लावणी सावडीनं होते. आज चौदा घरांची माणसं एकाच्या शेतात, उद्या तीच दुसऱ्याच्या. मजुरी नाही, फक्त पाळी. त्या बुधवारी काकीची पाळी होती. आदल्या दिवशी बायांनी रोपं उपटून, मुठी बांधून खाचरात टाकून ठेवल्या होत्या. उपटलेलं रोप फार थांबत नाही. त्यातच नुकतीच पौर्णिमा झालेली, खाडीला उधाण. भरती चढली की बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं फळीचं दार, मिटते, पावसाचं पाणी बाहेर जात नाही, खाचर तुंबतं आणि सुट्या मुठी तरंगून जातात.

"तुझी मानसं कुटं हायत रे?" काकीनं विचारलं.

"माझी कुठली माणसं?"

"उंबरा सोडू नका, असं गावाला तूच सांगितलंस ना? सगळ्या बाया उंबऱ्यावर बसल्यात. अर्ध्या वर बघतान, अर्ध्या रस्त्याकडं. माज्या खाचरात मी एकटी नि मुठी."

मी वरमलो, आणि वरमलो की मला राग येतो. "एक दिवस थांब ना काकी. उद्या सगळं कळेल."

"मी थांबन. मुठी थांबतील? आज बीज हाय. दीड वाजता भरती."

तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. तिथीची पाऊणपट करून, बीजेच्या दोनाची दीड, ती पाण्याची वेळ सांगायची, आणि पाणी तिचं ऐकल्यासारखं यायचं.

"तुलाही वाटतं काही पडणार आहे?"

"पडंल नायतर नाय पडनार. घर रिकामं ठेवलं का पडतंच."

"घर?"

"मानसं राहून गेली म्हनतान ना त्यात? मग घरच ते."

"कोणी राहिलं नाही, काकी. नुसते फोटो आहेत. नकाशा आहे सगळा."

ती उंबऱ्यावर बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुझा काका बोटीवरनं आला, तवा काय बोल्ला होता, आठवतं?"

आठवत होतं. काका मोठ्या जहाजावर खलाशी होता. एकदा परत आल्यावर त्यानं सांगितलं, उत्तरेकडं समुद्र गोठतो. आपण जहाजावरून उतरलो आणि समुद्रावर चालत गेलो. गाव हसलं. त्याचं नावच पडलं, पाण्यावर चालणारा. लग्नात, होळीला, जाळं ओढताना, कुणीतरी म्हणायचंच, "त्याला पुढं पाठवा, तो चालत जाईल." हसणाऱ्यांत मीही होतो. शेवटी शेवटी काकानं समुद्राचं नाव काढणं सोडलं.

"मी पन हसले होते," काकी म्हणाली. "त्याच्या तोंडावर. मग तो गेला, नि मी एकदा बर्फाच्या गाडीतनं पडलेली लादी पायाखाली घेऊन बगितली. पानीच की ते. उभं राहता येतं. लांब जाऊन आलेल्या मानसाला घरी बसून खोटं म्हनायचं नाय, बाला."

मी काहीतरी बोलणार होतो. तिनं हात वर केला.

"नि रेडिओवाला काय म्हनतो? कुटं पडंल?"

"त्यांना नक्की माहीत नाही म्हणतो."

"बघ. तुझ्या नकाशावाल्यानं कवा म्हटलं होतं का, मला माहीत नाय?"

मी खाली बसलो. आयुष्यभर मी माणसांची बोलणी तोलत आलोय. कच्च्या विटा विकणाऱ्याकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असतं. चांगला भट्टीवाला म्हणतो, पाऊस आला तर सांगता येत नाही. ही पारख माझी, हिच्यावर मी घर उभं केलं. आणि ती मला एका अंगठेबहाद्दर बाईनं माझ्याच दारात शिकवली.

मी हॉटेलाकडं गेलो. तिथून दोन्ही आळ्या दिसतात. खरंच, प्रत्येक दारात कोणी ना कोणी बसलेलं होतं.

"काय शेठ, मोजनीवाले येतान ना?" म्हातारा कोळी ओरडला. "कवाचे बसलोय. कंबर मोडली."

"उठा सगळे," मी म्हणालो. "काकीची पाळी आहे. मुठी वाहून जातील."

"नि खुंट्या ठोकल्या त?"

"कोणी खुंट्या ठोकत नाही!" मी एवढ्या जोरात ओरडलो की कुत्री उठली. दोन शिव्याही दिल्या. त्यानं कोणी हललं नाही. माझ्या शिव्यांची गावाला सवय होती. मग जे बोलायचं नव्हतं ते बोलावं लागलं. "मोजणीवाल्यांचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी बनवलं. वरचंही मला काही माहीत नाही. पडेल की नाही, कोण गेलं, कोण नाही गेलं. मला माहीत नाही."

म्हाताऱ्या कोळ्यानं बसल्या जागी कंबर सरळ केली. मग म्हातारा म्हणाला, "ल्या! आज शेठनं पयल्यांदा घासाघीस न करता माल दिला." सगळी आळी हसली. मीही त्यांच्या जागी असतो तर हसलोच असतो.

पलीकडच्या दारातली एक जाडजूड बाई उठली, तिनं कासोटा खोचला. "चला गो. पडायचं त चिखलात पडूं, घरात बसून कशाला?" तिच्यामागं आणखी सहाजणी निघाल्या. बाकीची घरं आली नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या डोक्यात ते मीच भरलं होतं.

आठवा मी. पॅन्ट दुमडून चिखलात उतरलो. कित्येक वर्षांनी. माझी रोपं आडवी पडत होती. काकी माझ्यामागून येऊन ती पुन्हा खोचत होती. "तू भाव कर," ती म्हणाली, "रोपाला हात नको लावू." बाया हसत होत्या, आणि मधूनच एखादी मान वर करून ढगांकडं बघून घेत होती. मीही बघत होतो. त्या ढगांच्या वर कुठंतरी एक रिकामं घर फिरतंय, हे मला त्या चिखलात पहिल्यांदा खरं वाटलं. भीती नाही वाटली. कोण राहिलं असेल तिथं, झोपत कसे असतील, असंच काहीबाही मनात येत होतं.

दीडला थोडं कमी असताना शेवटची मूठ लागली. उघाडीचं फळकूट धपकन मिटलं. पाणी चढलं, पण रोपं रोवलेली होती. शेंडे वर राहिले.

दुसऱ्या दिवशी रेडिओनं सांगितलं, ते पडलं, दूर समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या माळरानात. काकीनं एकच विचारलं, "कोनाला लागलं का?"

"नाही."

"मग बरं," ती म्हणाली आणि गवत काढायला गेली.

पुढं मी शोधून शोधून वाचलं. ते घर वर पोचलं तेव्हाच मोडलेलं होतं. उन्हापासून राखणारं आवरण उडून गेलं होतं. पहिल्या तिघांनी वर जाऊन त्याला चक्क छत्री लावली, बाहेर लोंबकळत जाऊन, उन्हावर वीज करणारा पंख अडकला होता तो सोडवला, आणि मग त्यात राहिले. घर बांधणाऱ्यांशी माझा रोजचा व्यवहार. गळकं छप्पर दुरुस्त करायला मिस्त्री बोलावला तर तो चार दिवस येत नाही. या लोकांपुढं मी टोपी काढतो.

आणि तो ठसा. त्याच वर्षी माझ्या गोदामात सिमेंटचं एक पोतं फुटलं. मी शिव्या देत त्यावरून चालत गेलो आणि मागं वळून बघितलं. पिठासारख्या कोरड्या सिमेंटवर माझ्या बुटाचा ठसा उठला होता. टाचेवरचा खिळासुद्धा दिसत होता. ओलाव्याचा थेंब नाही. माझ्या धंद्याच्या मालानंच मला खोटं पाडलं.  मग हॉटेलात जाऊन म्हाताऱ्याला ते सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय चैन पडेना.

चौऱ्याऐंशी साली आपला माणूस वर गेला तेव्हा माझ्या घरी टीव्ही होता. बाहेरची खोली गच्च भरली. काकीला मी खुर्ची दिली, ती खालीच बसली. तिचं खाचर तोवर गेलं होतं. मुरुमाच्या गाड्या येऊन त्याच्यावर भराव टाकून गेल्या होत्या, आणि बदल्यात जे मिळायचं ठरलं होतं ते अजून कागदावरच होतं. त्यासाठी मी भांडत होतो, आजही भांडतोय.

पडद्यावर तो माणूस तरंगत हसला. काकीनंही त्याला हसून मान हलवली, जसं आपण दारातल्या पाहुण्याला हलवतो.

"त्याला तिथनं आपलं गाव दिसत असंल?" तिनं मला विचारलं.

"माहीत नाही, काकी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुन्हा टीव्हीकडं तोंड फिरवलं. कार्यक्रम संपेपर्यंत तिनं तो हात उचलला नाही.