निरशा दुधाचं तीर्थ

देवाने माझ्या हातून असं का होऊ दिलं, हे मला अजून कळलेलं नाही. घडलं ते सांगते.

खडकीच्या आमच्या घरी दर सोमवारी पिंडीवर अभिषेक होतो, तो निरशा दुधाचाच. तापवलेलं दूध देवाला चालत नाही, हा माझा हट्ट. दूध वाघोलीच्या एका गोठ्यातून यायचं. सून सायली पाच महिन्यांची गरोदर होती. अभिषेकाचं दूध तीर्थ म्हणून मी तिला वाटीभर पाजायची. मग तिला ताप येऊ लागला. चार दिवस यायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. कंबर धरायची, घामाने कपडे भिजायचे. मी रोज अभिषेक सुरू केला, म्हणजे तीर्थही रोज. बाळ पोटातच गेलं, तेव्हा मी देव्हाऱ्याकडे पाठ फिरवली. ताप मात्र गेला नाही, आणि निदानही होईना.

एकदा दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारची बाई आमचं तापाचं बोलणं ऐकत सायलीकडे सारखी बघत होती. शेवटी तिने विचारलंच, “कच्चं दूध पिती का वो ही?”

नसती चौकशी, असं मनात आलं. तरी म्हटलं, “अभिषेकाच्या दुधाचं तीर्थ घ्यायची.”

“आमची गाय गाभडली व्हती, मेलेलं वासरू पडलं. त्येच्यामागनं मला असाच ताप. जनावरापास्नं येतोय ह्यो. डॉक्टरास्नी सांगा, लाजू नका.”

तेवढ्यात तिला आत बोलावलं. नावसुद्धा विचारायचं राहिलं. तिला कोणी पाठवलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

मी डॉक्टरांना सांगितलं. रक्त तपासल्यावर ब्रुसेलोसिस निघाला, गाई-म्हशींपासून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार. बाळही बहुधा त्यानेच गेलं, असं डॉक्टर म्हणाले. औषधं बरेच आठवडे चालली आणि सायली वाचली.

निदान झालं त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला म्हटलं, “सायली, मीच पाजलं गं तुला.”

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. “मला राग आलाय, आई. खूप. पण उठून जाऊ नका.”

देवाला काय चालतं नि काय नाही, हे इतकी वर्षं मीच ठरवत आले होते. त्या दिवशी काही ठरवायची ताकद उरली नव्हती. मी तिच्या पायांशी बसून रडले. देवा, नातवंड गेल्याचं दुःख मरेपर्यंत राहील. पण तू ही पोर ठेवलीस, आणि तिने मला जवळ बसू दिलं.