गोवा चालेल, गणपतीपुळे नाही

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही अकरा मुली होतो आणि एकीनेही समुद्र पाहिलेला नव्हता. भोकरदनकडे एका जागी जास्त पाणी बघायचं तर टँकर यावा लागतो. मॅडमनी मुलींची सहल जाहीर केली. गोवा की गणपतीपुळे, ते आम्ही ठरवायचं आणि फॉर्मवर घरची सही आणायची.

वर्गात दहा मिनिटांत गोवा ठरला. संध्याकाळी दहा घरांत तो पडला. एकीचा भाऊ स्वतः दोनदा गोव्याला जाऊन आलेला होता, त्यामुळे त्याचा विरोध सगळ्यात जास्त. गणपतीपुळ्याला मात्र कुणी नाही म्हणेना. देवाला निघालेल्या पोरीला अडवायचं कोणी? एकीच्या आजीने तर सोबत द्यायला नारळही काढून ठेवला.

आमच्या घरी उलटं झालं. आम्ही बौद्ध. पप्पा गवंडीकाम करतात आणि बावीस प्रतिज्ञा मनापासून पाळतात. त्यात गणपतीचं नाव आहे.

"आपण गणपती मानत न्हाई," त्यांनी फॉर्म परत दिला. "प्रतिज्ञा काय नुसत्या पाठ करायला घेतल्या का?"

"मंग गोवा?"

"गोव्याला जाय की. तिथं काय, पाणीच ना?"

पप्पांना गोव्याची एवढीच माहिती होती. मी जास्त दिली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं तर पोरी बाकावर डोकं टेकवून हसल्या. "माझ्या भावाला काही दिवस तुझ्या पप्पांच्या हाताखाली ठेव," एक म्हणाली. दहा विरुद्ध एक अशी गणपतीपुळ्याची सहल ठरली. सही नसेल त्यांनी थांबायचं, मॅडम म्हणाल्या. म्हणजे गोव्याची परवानगी मिळालेली वर्गातली एकुलती एक मुलगी घरी बसणार होती. हसण्यात मीही सामील झाले होते, पण सायकल काढताना रडू आलं.

पप्पा तेव्हा केदारखेड्याकडच्या एका देवळाच्या सभामंडपाचं प्लास्टर करत होते. मी फॉर्म घेऊन तिथेच गेले. मला पटकन बोलता येत नाही. दोन घमेली माल संपेपर्यंत मी नुसती उभी राहिले.

"काय झालं?" पप्पांनी न वळता विचारलं.

"तुम्ही देवळात कसे काय?"

"काम हाय."

"आत पण जाता?"

"आतून बी प्लास्टर हाय. बाहेरून कसं करू?"

"मंग हात जोडता का?"

"हातात थापी असती."

मग मी म्हणाले, "तिथं मी हातात काय धरू ते सांगा. तेच धरते."

वर बांबूच्या परांचीवर उभा असलेला त्यांचा जोडीदार खोकला. तो खोकला नव्हता. पप्पा खाली उतरले, हात पँटला पुसला आणि फॉर्म मागितला. "कॉलेजनं बराबर बिघडवलं तुला," म्हणाले. सहीपेक्षा सिमेंटच जास्त लागलं. मॅडमनी तो फॉर्म दोन बोटांनी धरून ठेवून घेतला.

गणपतीपुळ्याचं देऊळ समुद्राला लागूनच आहे. दर्शनाची रांग लांब होती आणि चपलांपाशी कोणीतरी थांबायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्यात घोट्याच्या वर जायचं नाही, अशी मॅडमची ताकीद होती, पण मॅडम रांगेत होत्या. मी सगळ्या चपला ओढणीत बांधल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एकटीच मोठ्याने हसत होते. शेजारच्या बाईने आपल्या लेकराला जवळ ओढून घेतलं.

तासाभराने दहाही जणी घामेजून, प्रसाद घेऊन बाहेर आल्या. माझी सलवार कमरेपर्यंत भिजलेली होती, चपला कोरड्या.

"एवढा टाइम तू पाण्यातच?" आजीने नारळ दिलेली ती म्हणाली. "पुढच्या टायमाला मी पण बौद्ध."

"आधी घरून सही आण," मी म्हणाले.