मंडईतली उघड्या तोंडाची बाई

कुमुदिनीबाई कर्णिक पलंगावर पाठ टेकतात त्या झोपायला नव्हे. नेलपॉलिश काढायच्या रिमूव्हरचा वास डोक्यात गेलाय, तो उतरला की उठायचं आणि खिडकीतल्या फरशीवर ठेवलेली ती बोटभर बाई पदरानं नीट पुसून घ्यायची, एवढाच बेत.

ती बोटभर बाई म्हणजे त्या स्वतःच. त्यांचे यजमान शरदराव गेल्या मार्गशीर्षात गेले आणि मागे स्वतः कोरून रंगवलेली, रेझिनची अख्खी इवलीशी मंडई ठेवून गेले. हरभऱ्याएवढे फ्लॉवर, मोहरीएवढी लिंबं, आणि मधोमध हातात पिशवी धरून भाजीवाल्याशी भांडणारी, आ वासलेली एक बाई. ती कोण, हे ठाण्यातल्या सगळ्या ओळखीच्यांना कळायचं. सगळे मग घाईघाईनं फ्लॉवरचं कौतुक करायचे. उद्या छंदमंडळाचे लोक मंडई प्रदर्शनाला न्यायला येणार. भरल्या हॉलमध्ये असं तोंड उघडून उभं राहायची कुमुदिनीबाईंची तयारी नाही. जुना रंग काढून सभ्य चेहरा रंगवायचा त्यांनी ठरवलं. नखांचा रंग ज्यानं जातो त्यानं बाहुलीचाही जाईल, असा सरळ हिशेब करून बाईला वाटीत बुडवलं. रंग गेला. त्याबरोबर ताठाही गेला. सांडशीनं बाहेर काढली तर कंबर वाकलेली, पिशवीचा हात चघळलेल्या च्युइंगगमसारखा लोंबणारा.

पंखा फिरतोय. पंख्याचा आवाज लांब जातो आणि पायथ्याशी गादी दबते.

शरदराव बसलेत. कपाळावर भिंग, अंगात रंगाच्या डागांची बंडी. गेलेल्या माणसानं निदान धुतलेली घालावी, असं कुमुदिनीबाईंच्या मनात येतं.

"वाटीत काय होतं?" ते विचारतात. 'कशी आहेस' नाही, काही नाही.

त्या सांगतात. ते डोळे मिटून घेतात. जन्मभर याच तऱ्हेनं मिटत आले. तिखट आमटीला, माहेरच्या माणसांना, सगळ्याला एकच तऱ्हा.

"माझ्या वस्तूंना हात लावू नकोस, हे सांगता सांगता मी मेलो."

"मग जाताना कुलूप लावून जायचं होतं."

त्या तरातरा उठून न्हाणीघराचं दार उघडतात, तर पलीकडे मंडई. फ्लॉवर डोक्याएवढे, लिंबं नारळाएवढी, कशालाच वास नाही. भाजीवाला तराजू धरून थिजलेला. कुमुदिनीबाई त्याच्यासमोर उभ्या आहेत आणि त्यांची कंबर हळूहळू वाकते आहे. पिशवीचा हात गुडघ्याखाली उतरतो. तो पुसून सारखा करावा म्हणून त्या पदर उचलतात.

"पुसू नकोस," वरून, छताच्या जागेवरून, शरदरावांचा आवाज येतो. "ओलं रेझिन पुसलंस तर नाक पदराबरोबर जाईल. वारा लागू दे. आपोआप घट्ट होतं. पण तुम्हा बायकांना दिसलं काही ओलं की पुसायचं."

"आणि तुम्हाला दिसली बायको की तिचं हसं करायचं. चारचौघांत तोंड वासून उभी केलीत मला."



"कोरताना तोंड मिटलेलंच कोरलं होतं," ते म्हणतात, समजूत काढल्यासारखं नाही, तक्रार केल्यासारखं. "रंगवायला घेतलं त्या दिवशी तू शेजारी बसून सकाळपासून बोलत होतीस. मग दिसलं तसं रंगवलं."

कुमुदिनीबाईंकडे याला उत्तर आहे, चांगली पाच-सहा उत्तरं आहेत. पण ओठ उघडत नाहीत. कंबर आणखी वाकते, फरशी जवळ येते, आणि तेवढ्यात पाठीत एक रेटा बसतो. जाड, गरम, अजिबात हळुवार नाही.

"पोक काढायची सवय काही गेली नाही हिची," आवाज पुटपुटतो. "सरळ उभी राहा."

त्या उठून बसतात. पंखा फिरतोय, पायथ्याची गादी सपाट आहे, खिडकीत चारचं ऊन.

फरशीवरची बाई वाळून खडखडीत झाली आहे. पिशवीचा हात थोडा लांबच राहिलाय, पण कंबर ताठ. रंग गेलेल्या करड्या चेहऱ्यावर ओठ मिटलेले आहेत, बारीक, नीट कोरलेले. कुमुदिनीबाई तिला उचलून उलटी करतात. पाठीवर अंगठा उमटलाय. त्या आपला अंगठा लावून बघतात. ठसा मोठा आहे, आणि त्याच्यामधून एक आडवी चीर गेली आहे. शरदरावांच्या अंगठ्याला कटर लागला होता, त्याच जागी.

हात लावू नकोस म्हणे.

पदर खाली सोडून त्या रंगाच्या बाटल्या काढतात. चेहरा रंगवतात, साडी रंगवतात. पाठीला कुंचला लावत नाहीत. मग मंडईत बाईला भाजीवाल्याकडे तोंड करून अशी बसवतात की उद्या सगळ्या हॉलला पाठच दिसावी.