आत्याबाईंचा चक्कू

भंडारा जिल्ह्यात चाकू दोनच प्रकारचे आहेत. एक माझ्या आतेसासूबाईंच्या कंबरेच्या बटव्यात असतो तो. आणि दुसरे उरलेले सगळे, ज्यांना त्या 'पत्रे' म्हणतात. त्यांचा चाकू घडीचा आहे. मूठ बाभळीची, टोकांना पितळ, आणि पातं माझ्या करंगळीएवढं. पवनीच्या बाजारात लोहारासमोर बसून त्यांनी तो घडवून घेतला होता, आणि लोहाराला इतक्या सूचना केल्या होत्या की शेवटी तो म्हणाला, "बाई, तुमीच बसा इथं, मी बाजार करून येतो." एकदा माझ्या नवऱ्याने त्यांच्यासाठी नागपूरहून एक चकचकीत चाकू आणला. त्यात कात्री होती, पेचकस होता, बाटली उघडायची सोय होती, दात कोरायची काडीही होती. आत्याबाईंनी त्याचा एकेक अवयव बाहेर काढला, सगळे नीट पाहिले आणि विचारलं, "याच्यात नांगर काहून नाही देला रे?"

पुडी दाताने फाडणाऱ्या माणसाला त्या जेवायला वाढतील, पण त्याला आपली मुलगी देणार नाहीत. शिंप्याच्या दुकानात माझ्या नव्या ब्लाऊजची शिवण त्यांनी तिथेच उसवून त्याच्यासमोर ठेवली, आणि शिंप्याने वाद न घालता दुसरी घातली. साकोलीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाच्या पोत्याची सुतळी त्यांनी कापली, कारण गाठ चुकीची होती. तो ओरडला. "ओरडू नोको," त्या म्हणाल्या, "बांधूनबी देतो." बांधून दिलीही. चाकू मात्र त्या कुणाच्या हातात देत नाहीत. हातात दिला की भांडण होतं, म्हणून जमिनीवर ठेवतात आणि समोरच्याने उचलायचा. अपवाद एकच, बपेरा गावातल्या एका लग्नातला. नवरदेवाची कट्यार घरीच राहिली होती, तेव्हा यांच्या चाकूला लिंबू खोचून वेळ मारून नेली. त्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत आत्याबाई आहेत. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि त्या चाकूकडे.

हे सगळं आम्ही हसत सांगायचो. मग सासऱ्यांनी जमिनीचे कागद करायला काढले. तलावाखालच्या चार बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्त खाचरं; आमच्या शेतातलं सगळ्यात चांगलं धान तिथलं. सासऱ्यांच्या वडिलांच्या नावावरून उतरताना त्यात बहिणीचं, म्हणजे आत्याबाईंचंही नाव लागलं होतं. आमच्याकडे बहिणीने हक्कसोडीवर सही करायची आणि भावाने लुगडं घ्यायचं, अशी रीत आहे. ती सही घरात सगळ्यांना हवी होती. मलाही हवी होती. खोटं कशाला बोलू. आत्याबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. गाडी आली की मुकाट्याने बसायच्या.

पहिल्यांदा तालुक्याच्या कचेरीत गेलो तेव्हा निवडणुकीचा बंदोबस्त होता. दारातल्या पोलीस बाईने बटवा तपासला.

"आजी, चाकू इथं ठेवा. जाताना घेऊन जा."

"मी कोनाच्या हातात देत नसतो."

"जमिनीवर ठेवा मग."

"इतक्या लोकाइच्या पायात?"

मी म्हटलं, "आत्याबाई, माझ्या पर्समध्ये टाका. मी बाहेर थांबते."

"तू भली आहेस सूनबाई. पन चक्कू भला नाही." असं म्हणून त्या गाडीत जाऊन बसल्या. दुसऱ्या खेपेला पुढच्या निवडणुकीचा बंदोबस्त होता. पोलीस बाई तीच. आत्याबाईंनी तिला ओळख दिली, घरची खुशाली विचारली, आणि परतल्या.

तिसऱ्या खेपेला दारावर कुणी नव्हतं. माझ्या नवऱ्याचा चेहरा उजळला. आम्ही थेट साहेबांच्या टेबलापुढे गेलो. साहेबांनी कागद वाचून दाखवला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "आजी, सही स्वतःच्या मर्जीनं करताय ना? कुणाचा दबाव?"

आत्याबाईंनी बटव्यातून चाकू काढला, उघडला, आणि कागदावर आडवा ठेवला.

"दबाव नाही," त्या म्हणाल्या, "चक्कू आहे. चालते का?"

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. त्या दिवशी सही होणं शक्यच नव्हतं.

परतताना माझा नवरा तापला. "आत्या, सरळ सांग ना, तुले सही करायचीच नाही!"

"सरळ सांगतलं असतं तर उद्यापासून मले आत्या म्हनला असता का तू? म्हून चक्कूले पुढं केलं. राग काढाचा तर त्याच्यावर काढा, माह्यावर नोका काढू." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "त्या बांधीत चिखलात वाकून धानाचा रोवना मीबी केला बाबू. कंबर माहीबी मोडली. तुह्या बापाची एकट्याची नाही."



सासरे त्यानंतर महिनाभर बहिणीचं नाव घेत नव्हते. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा आली. त्या दिवशी लेकीबाळी, पाव्हणे सगळे येतात, दिवसभर जेवणं चालतात. "यंदा तिले बोलवाचं नाही," सासऱ्यांनी सांगून टाकलं. नवराही मान हलवून मोकळा झाला. माझी सही मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी भावाला देऊन टाकली होती. ते लुगडं केव्हाच विरलं. मी परसात जाऊन फोन लावला.

"भाऊनं सांगतलं का बोलवाले?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही. मी सांगते. भाकरी मी थापते, कोण जेवणार ते मीच ठरवीन."

"मंग येतो," त्या म्हणाल्या.

घरात मी कुणाची परवानगी विचारली नाही, आणि नंतर माफीही मागितली नाही. नवरा म्हणाला, आता सही कधी व्हायची? मी म्हटलं, पुन्हा विचारू नका.

मंडईच्या दिवशी सासरे ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. बहीण फाटकातून आत आली तशी त्यांनी मान रस्त्याकडे फिरवली. आत्याबाई खाली पायरीवर बसल्या, पदरातले कोवळे शिंगाडे ताटात ओतले आणि सोलायला लागल्या. सासऱ्यांचे दात आता पुढचे दोनच उरलेत, म्हणून त्या एकेका शिंगाड्याचे पातळ काप करत होत्या. करून ताटाच्या कडेला, भावाच्या बाजूला ठेवत होत्या. रस्त्यावरून मंडईची गर्दी जात होती आणि सासरे ती अशी निरखत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदाच माणसं पाहताहेत. कापांचा ढीग वाढत गेला. मग रस्त्यावरची नजर न काढता त्यांचा हात खुर्चीवरून खाली आला, ताट चाचपू लागला, आणि त्याला एक काप सापडला.

आत्याबाईंनी वर पाहिलं नाही. पुढचा शिंगाडा उचलला, आणि काप आणखी थोडे बारीक करायला लागल्या.