मिसेस हॅडलींची शाबासकी

पापाच्या तिकटीमागच्या बोळात करीम जमादारांचं दुकान आहे. दहा बाय आठचं. भिंतीला क्लॅरिनेटं टांगलेली, खाली पोट उघडून ठेवलेल्या पेट्या. लग्नसराईत कुरुंदवाडपासून मलकापूरपर्यंत कुठल्याही वरातीत क्लॅरिनेट चिरकलं, की बँडवाले म्हणतात, "करीमचाचाकडं दाव."

एवढं सगळ्यांना माहीत. पण काउंटरमागच्या जुन्या संगणकावर हा माणूस दुपारभर काय करतो, ते बोळात कुणाला ठाऊक नव्हतं. खतिजाचाचीला थोडंफार होतं. "इंग्रजांची नाटकं लिवत्यात," ती सांगायची. "इंग्रज गेला, पर ह्यांची चाकरी सुटंना."

त्याचं असं झालं होतं. चाचांचे आजोबा संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या मागं एक पत्र्याची ट्रंक राहिली. तिच्यात छापील इंग्रजी सुरावटींचे कागद. सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या रंगभूमीवर गाजलेल्या संगीत नाटकांच्या चाली. आजोबांना चाली पाठ होत्या, वरची नावं वाचता येत नव्हती. चाचांनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेलं, त्यांना नावं वाचता आली. त्यांतलं एक नाव त्यांनी इंटरनेटवर शोधलं. मराठीत सांगायचं तर 'टोपीवाली'. एका ज्ञानकोशात त्यावर पान होतं, दोन ओळींचं. खाली लिहिलं होतं, की हे पान कुणीही वाढवू शकतं.

चाचांनी तिसरी ओळ लिहिली. त्याला आता चौदा वर्षं झाली. अशी एक्केचाळीस पानं झाली. कोणत्या नटीनं कोणती भूमिका केली, ती आजारी पडल्यावर कुणी केली, प्रयोग किती झाले. सगळं जुन्या वर्तमानपत्रांतून वेचलेलं. पगार नाही, नाव नाही.

वर्षाराणी त्या दुकानात शिरली ती तीन वर्षांपूर्वी, कागलच्या भजनी मंडळाची पेटी घेऊन. पेटीच्या भात्याला उंदरानं भोक पाडलं होतं. तिनं इंग्रजी घेऊन एम.ए. केलेलं, नोकरी नव्हती. पडद्यावर नटनट्यांची लांबलचक यादी दिसली.

"हे कोण लिहितं?"

"कुणीबी. तूबी लिव की," चाचा म्हणाले आणि त्यांनी दुसरी खुर्ची ओढली.

ती आठवड्यातून तीनदा येऊ लागली. कामाची रीत कळली. प्रत्येक पानामागं चर्चेचं एक पान असतं. तिथं जगभरचे हौशी लोक वाद घालतात, पुरावे देतात, बहुमत होतं, मग ओळ टिकते. 'टोपीवाली'च्या मागं चाचांशिवाय दोघं होती. एक 'ओल्ड गॅलरी' नावाचा खवचट म्हातारा. आणि मिसेस हॅडली.

मिसेस हॅडलींचं इंग्रजी जुन्या वळणाचं, नितळ. थंडीत गुडघे दुखतात म्हणायच्या. चाचांचं इंग्रजी त्यांच्यापुढं लंगडं. वर्षाराणीनं दुसऱ्या अंकाचं कथानक लिहिलं, तेव्हा मिसेस हॅडलींनी लिहिलं, की कथानक असं लिहितात, पोरी, वाचताना माझा चहा गार झाला. वर्षाराणीनं तो मजकूर फोनमध्ये जपून ठेवला. वडिलांना वाचून दाखवला, मराठी करून. विद्यापीठात पाच वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

गेल्या वर्षी एक नवखा माणूस आला. दुसऱ्या अंकातलं चांदण्याचं गाणं मूळ संगीतकाराचं नाही, दुसऱ्याच कुणाचं आहे, असं त्याचं म्हणणं. पुरावा हाताशी नव्हता, आजीकडून ऐकलेलं. चाचांनी विरोध केला. ओल्ड गॅलरीनं टोमणे मारले. मिसेस हॅडलींनी समजावलं. वर्षाराणीला त्यातलं काही कळत नव्हतं. पण मिसेस हॅडली म्हणतात म्हणजे खरं, म्हणून तिनंही विरोधात मत दिलं. चार विरुद्ध एक. "जशी आपली मर्जी," असं लिहून तो माणूस गेला, तो परत आला नाही.

मार्चातली दुपार होती. वर्षाराणी एक तारीख भरत होती. पान जतन होईना. वर लाल चौकट आली. तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. तुम्ही स्वतंत्र व्यक्ती नाही. एकाच माणसाची ही चार खाती आहेत. खाली चार नावं.

ती हसायला लागली.

"चाचा, गंमत ऐका की. मी म्हणजे तुम्हीच, असं ठरवलंय ज्ञानकोशवाल्यांनी. एकाच इंटरनेट जोडणीवरून चौघं लिहितात म्हणे. तुम्ही, मी, ओल्ड गॅलरी, आणि मिसेस हॅडली! मिसेस हॅडली पापाच्या तिकटीला राहायला आल्यात!"

चाचा क्लॅरिनेटच्या सांध्याला दोरा गुंडाळत होते. गुंडाळत राहिले. दोरा संपला, तरी बोटं फिरत होती.

तिचं हसू थांबलं.

"थंडीत गुडघे दुखतात म्हणायच्या त्या," ती म्हणाली.

"गुडघं माझंच हाईत," चाचा म्हणाले.

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. चाचांनी क्लॅरिनेट खाली ठेवलं.

"पाच वर्सं मी त्या पानामागं एकटाच बोलत हुतो, पोरी. प्रश्न टाकायचा. सालभर उत्तर न्हाय. मग म्हटलं, कुणीतरी असतं तर काय बोललं असतं? ते लिवलं. मग तिला नाव दिलं."

"आणि ओल्ड गॅलरी?"

"नुसतं ग्वाड बोलणारं माणूस खरं वाटंना. म्हणून एक खवचट आणला."

"माझ्याबद्दल लिहिलं होतं ते?"

"ते खरं हाय की."

"कोण म्हणालं ते?"

ती पिशवी उचलून निघाली. कागलच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं फोन काढला आणि तो जपलेला मजकूर पुन्हा वाचला. शब्द तेच होते. गोकुळ शिरगाव येईपर्यंत ती तेच वाचत होती.

घरी तिनं अर्ज लिहिला. मी वर्षाराणी, जिवंत आहे, कागलला राहते. बाकी दोन खाती करीम जमादारांची आहेत, त्यांनी माझ्यासमोर कबूल केलं आहे. अर्ज चोख झाला. बोट बटणावर नेलं आणि मागं घेतलं. हा अर्ज गेला, की चाचा कायमचे बाहेर. चौदा वर्षांनंतर. नाही गेला, तर वर्षाराणी नावाची बाई त्या जगात कधी नव्हतीच. चार दिवस तो अर्ज फोनमध्ये तसाच राहिला.

पाचव्या दिवशी ती दुकानात गेली. चाचांची दाढी वाढली होती. खतिजाचाची डबा घेऊन आली होती.

"एक तोड हाय," चाचा घाईनं म्हणाले. "एका घरातली माणसं एक जोडणी वापरत्यात, तसं चालतं त्यांना. आपुन सांगू, हॅडली म्हंजे खतिजा. ओल्ड गॅलरी माझा मेव्हणा. समदीच सुटतील. तूबी."

चाचीनं डबा आपटला. "मला इंग्रजीत सहीबी येत न्हाय, आन् मी हॅडली व्हय? उद्या कुणी दारात आलं तर काय सांगू, पावणं, गुडघं दुखत्यात?"

वर्षाराणीला हसू आलं नाही.

"तो गाण्याचा माणूस," तिनं विचारलं. "तोही तुम्हीच?"

"न्हाय. त्यो खरा हुता."

चाचा उठले. फळीखालून ट्रंक ओढली. अगदी वरच ठेवलेला एक पिवळा कागद काढून तिच्यापुढं धरला. चांदण्याचं गाणं. वरच्या कोपऱ्यात बारीक छापील नाव. नवख्या माणसानं सांगितलं होतं तेच.

"आजोबांच्या दुसऱ्या गठ्ठ्यात घावला. मतं पडल्यावर आठ दिसांनी."

"मग बोलला का नाही?"

"हॅडलीनं सांगितलेलं खोटं कसं पाडू? लोकांचा तिच्यावर लई इस्वास."

"लोक म्हणजे मी, चाचा."

चाची डबा न उघडताच पायरीवर जाऊन बसली.

"मी अर्ज लिहिलाय," वर्षाराणी म्हणाली. "चार दिवस झाले. पाठवला नाही."

"पाठवू नगं," चाचा म्हणाले. "तुझ्या हातानं नगं."

त्यांनी खुर्ची पुढं घेतली. बंद खात्याला आपली बाजू मांडायला एक कोपरा असतो, तेवढाच उघडा होता. चाचा स्वतःच्या नावानं लिहायला बसले. एरवी ते स्वतःच्या नावानं लिहीत तेव्हा दर वाक्याला अडत, तिला विचारत. त्या दिवशी एकदाही अडले नाहीत. मिसेस हॅडली आणि ओल्ड गॅलरी मीच आहे. त्या गाण्याच्या वादात विरोधात चार नव्हे, दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकीला मी फसवलं. ती खरी आहे. कागलहून बसनं येते. तिच्याइतकं चांगलं कथानक मला लिहिता येत नाही. माझं जे करायचं ते करा, तिचं नाव तिला परत द्या.

इंग्रजी जुन्या वळणाचं होतं, नितळ. तिला बदलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आठ दिवसांनी निकाल आला. तिचं खातं उघडलं. त्यांचं कायमचं बंद. तिला एक ताकीद होती. बंद केलेल्या माणसाच्या सांगण्यावरून एक शब्दही लिहायचा नाही.

पानं तशीच राहिली, एक्केचाळीस. वाचायला बंदी नव्हती.

पुढल्या वेळी ती गेली, तेव्हा काउंटरवर तो पिवळा कागद पडला होता. छापील बाजू वर. चाचांनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि पानपट्टीपर्यंत जाऊन येतो म्हणून बाहेर पडले. वर्षाराणी बराच वेळ उभी राहिली. मग खुर्चीत बसली. 'टोपीवाली' उघडलं. गाण्यापुढचं नाव बदललं, कागदाचा पुरावा दिला. बदलाचं कारण विचारणारी चौकट आली. तिथं काहीही लिहिता आलं असतं. तिनं लिहिलं, हा कागद मला करीम जमादारांनी दाखवला.

थोड्याच वेळात ओळ उडाली. नियमाप्रमाणं जुनं, चुकीचं नाव परत आलं. तिच्या नावापुढं दुसरी ताकीद लागली.

चाचा परत आले तेव्हा तिनं पडदा बंद केला होता. ते चष्मा लावून क्लॅरिनेट घेऊन बसले. ती पिशवी भरून उठली, तेव्हा त्यांनी खिशातला फोन काढून काउंटरवर ठेवला. 'टोपीवाली'च्या बदलांची नोंद उघडीच होती.

"तुझी ओळ अकरा मिन्टं हुती की," ते म्हणाले.