चुकीच्या अक्षराची परीक्षा

डॉ. मृणाल केळुसकर यांची माझी पहिली भेट चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतली. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक गाळा. मी मुलाखतीला गेलो होतो. चहा पुढे करत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यंत्राला बोलतं कुणीही करील. तुला ते गप्प ठेवता येईल का?" मला ओ की ठो कळलं नाही. पण चहा फक्कड होता, मी राहिलो.

मॅडमचं काम डीएनए वाचण्याचं. त्याच्या दुहेरी धाग्याचा एक अर्धा घ्यायचा आणि त्यावर ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांपैकी एकेक सोडायचं. समोरच्या अक्षराशी जुळलं, की भोवतालचं द्रावण किंचित आम्लधर्मी होतं, खालच्या चिपला ते विजेच्या रूपात कळतं आणि पडद्यावरची रेषा उसळते. इतर यंत्रांसारखा ना रंग, ना कॅमेरा! आजही हे सांगताना माझा आवाज चढतो.

एकदा गाळा चालू ठेवायचा की बंद, हे ठरवायला पैसे पुरवणाऱ्या संस्थेचे पाहुणे आले. अक्षर सोडलं, रेषा उसळली, टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, "थांबा, आता चुकीचं अक्षर." न जुळणाऱ्या अक्षराला रेषा हलायलाच नको. ती तेवढीच उसळली!

"मॅडम, वाट लावलीत ना!" माझी सहकारी शलाका पुटपुटली.

"खोट्या रेषेची लागली गं, आपली नाही," म्हणत मॅडम तडक शेजारच्या गाळ्यात गेल्या. तिथल्या वेल्डिंगच्या विजेचा झटका आमच्या चिपला बसत होता, म्हणून रेषा कुठल्याही अक्षराला उसळत होती. त्या गाळ्याचे मालक परब मॅडमच्या मागोमागच आले. "माझा मशीन बंद केलंय, आता तुमचा बोलांदे!"

चुकीचं अक्षर सोडलं, रेषा सपाट. बरोबर सोडलं आणि काय उसळली म्हणून सांगू! परबांनी शिट्टी मारली. "टाळ्या पडल्यावरही तपासता, मग गाळा चालूच राहायला हवा," पाहुण्यांतले ज्येष्ठ म्हणाले.

माझी आई मुलुंडला रुग्णालयात होती, तेव्हा मॅडम रोज पेज आणत. एकदा मुद्दाम अळणी आणली. "मीठ विसरलात हो!" आई कुरकुरली. मॅडम माझ्याकडे वळून हसल्या, "चव परतली. आई बरी होतेय."

मॅडम, तुम्ही साठीच्या झालात. हा लेख वाचून "तपासलास का?" असं तुम्ही विचारालच, म्हणून आधीच तपासलं. तुमच्या जागी दुसऱ्यांची नावं घालून वाचलं. रेषा सपाट. तुमचं नाव घातलं आणि डोळे भरून आले. शंभरी गाठा, धडधाकट राहा, आणि आम्हाला असंच तपासत राहा.